पुण्यातील लष्करी बचावकार्य आणि सैनिकांच्या आरोग्यसवयी : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

पुणे शहराच्या आधुनिक इतिहासात १२ जुलै १९६१ या दिवसाची नोंद एका महापुराने झाली आहे. त्या बुधवारी सकाळी सातच्या सुमारास आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. पाण्याचा लोंढा खडकवासला जलाशयात शिरला. काही तासांनी खडकवासल्याचे जुने दगडी धरणही तग धरू शकले नाही आणि मुठेच्या काठावरील नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन जिमखाना आदी भागांत पाणी घुसले. पानशेतचे धरण आदल्या दिवसापासूनच खचू लागले होते. ते रात्री, शहर झोपेत असताना फुटले असते तर प्राणहानी कितीतरी पटींनी वाढली असती, याविषयी फारसे दुमत नाही. ते सकाळपर्यंत टिकून राहिले याचे श्रेय खचणाऱ्या माथ्यावर रात्रभर पोती रचणाऱ्या लष्कराच्या जवानांना दिले जाते आणि ते यथोचितच आहे.

तथापि हे श्रेय देताना बहुधा शौर्य, त्याग आणि कर्तव्यनिष्ठा या तीन शब्दांवर विषय आटोपला जातो. या शब्दांनी कृतज्ञता व्यक्त होते. घटनेचे स्पष्टीकरण मात्र होत नाही. आषाढातील मावळी पावसात, अंधारात, निसरड्या मातीवर रात्रभर ओझी वाहणे ही प्रथमतः शरीराची कसोटी असते. ज्याचे पाय सोलवटलेले आहेत, ज्याला हगवण लागली आहे, जो दोन दिवस नीट झोपलेला किंवा जेवलेला नाही, त्याची कर्तव्यनिष्ठा कितीही प्रखर असली तरी मध्यरात्रीनंतर त्याच्या हातून पोते सुटते. एका संध्याकाळी बोलावणे येताच शेकडो माणसे अशा कामाला उभी राहू शकतात, याचा अर्थ त्यांची शरीरे त्याआधी अनेक वर्षे त्या स्थितीत राखली गेली होती. ती कोणी राखली, कोणत्या हेतूने राखली आणि त्यासाठी किती किंमत मोजावी लागली, या प्रश्नांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या इतिहासाचा बराचसा भाग पुण्याशी निगडित आहे. खडकी येथील बॉम्बे सॅपर्स, वानवडीचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, सैन्याचे शारीरिक प्रशिक्षक घडविणारी आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंग आणि दक्षिण कमांडचे मुख्यालय या साऱ्या संस्था एकाच शहराच्या परिसरात आहेत. अशी जुळणी देशात क्वचितच आढळेल.

छावणीच्या हद्दीतील आरोग्य

सैनिकाच्या आरोग्याची काळजी ही दयाबुद्धीतून सुरू झालेली नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवावी लागली आणि तेव्हा एक हिशेब समोर आला. १८५९ मध्ये नेमलेल्या आणि १८६३ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही आरोग्य आयोगाने दाखवून दिले की, हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांचे मृत्युमान दर हजारी सुमारे ६९ इतके होते. हे मृत्यू प्रामुख्याने रणांगणावरील नव्हते. ताप, आमांश, पटकी आणि अतिमद्यपानाने बिघडलेले यकृत यांनी पलटणीच्या पलटणी पोखरल्या होत्या. या आयोगाच्या कामामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा मोठा वाटा होता. स्वतः हिंदुस्थानात न येता त्यांनी छावण्याछावण्यांतून माहिती मागवली आणि पिण्याचे पाणी, सांडपाणी, बराकीतील दाटी व सैनिकांचे रिकामपण यांवर नेमके बोट ठेवले.

१८६४ च्या छावणी कायद्याने या शिफारशींना प्रशासकीय रूप मिळाले. पुणे आणि खडकी या दोन्ही छावण्यांत स्वच्छतेची स्वतंत्र व्यवस्था उभी राहू लागली. याच काळात कॅप्टन फाइफ यांच्या आराखड्यानुसार मुठा नदीवर खडकवासल्याचे दगडी धरण बांधले गेले; ते १८७९ च्या सुमारास पूर्ण झाले. शेतीला कालव्याचे पाणी देणे हा त्याचा एक उद्देश होता. पुणे व खडकी येथील छावण्यांना स्वच्छ पाणी पुरविणे हाही तितकाच महत्त्वाचा उद्देश होता. पुणेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या तलावाचे पाणी पीत आल्या, त्याच्या जन्मामागे सैनिकाच्या पोटाची चिंता होती, ही बाब आज सहसा लक्षात घेतली जात नाही.

या सुधारणांना एक मर्यादा होती आणि ती फार अर्थपूर्ण होती. छावणीची हद्द हीच आरोग्याचीही हद्द मानली गेली. आत शिस्त, नाल्या, उकळलेले पाणी. बाहेर 'नेटिव' वस्ती, म्हणजे रोगाचे माहेरघर, अशी ही दृष्टी होती. शहर हे सैनिकाने ज्याचे रक्षण करावे असे ठिकाण नव्हते; ज्याच्यापासून सैनिकाचे रक्षण करावे असे ठिकाण होते. या दृष्टीचा कडेलोट १८९७ मध्ये झाला.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्रकटलेला प्लेग पुढील वर्षाच्या आरंभी पुण्यात पसरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील विशेष समितीने मार्च ते मे या महिन्यांत घराघरांची तपासणी करण्यासाठी गोरे सैनिक पेठांतून फिरविले. सैनिकांच्या अंगवळणी पडलेली बराकीची शिस्त, म्हणजे दार उघडणे, सामान बाहेर काढणे, आजाऱ्याला वेगळे करणे, ही जशीच्या तशी देवघर, माजघर आणि स्वयंपाकघरात आणली गेली. रोगशास्त्राच्या दृष्टीने विलगीकरणाला काही अर्थ होता. परंतु ज्यांच्यासाठी ते करावयाचे त्यांच्याशी संवादच नव्हता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याचे राजकीय पडसाद सर्वज्ञात आहेत. येथे नोंदवायची गोष्ट वेगळी आहे. पुण्याच्या रस्त्यावर संकटकाळी सैनिक प्रथम मोठ्या संख्येने उतरला तो आरोग्याच्याच नावाने, आणि लोकांनी त्याला पाहून दारे लावून घेतली.

त्याच साथीत, त्याच शहरालगत, लष्कराशी संबंध असलेला आणखी एक माणूस काम करीत होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत हे लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होते. रजा घेऊन ते पुण्यास आले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेथे रुग्णांना आणीत असत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणल्याचे सांगितले जाते. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले. घरोघर झडती घेणाऱ्या पलटणी आणि माळावरचा हा दवाखाना एकाच वर्षातील, एकाच संकटातील आहेत. लष्करी वैद्यकाचे ज्ञान दोन्हीकडे जवळपास तेच होते. फरक ते कोणाच्या हाती आणि कोणासाठी होते, एवढाच होता. सैनिकी आरोग्यशिस्तीचा नागरी बचावाशी पुढे जो संबंध जुळला, त्याचे बीज शोधावयाचे असेल तर ते रँड समितीच्या मोहिमेपेक्षा ससाण्यांच्या माळावर अधिक सापडते.

पाय आणि पोट : पहिल्या महायुद्धाचा धडा

सैनिकी सवयींचा पुढचा अध्याय पुण्यापासून फार दूर घडला. पण घडविणारी माणसे येथून गेलेली होती. बॉम्बे सॅपर्स आपली स्थापना १८२० पासून मोजतात आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांचे ठाणे खडकी येथे आहे. पूल बांधणे, रस्ता काढणे, सुरुंग लावणे, खंदक खणणे ही त्यांची कामे. युद्ध नसताना हीच कामे आपत्तीत बचावाची कामे ठरतात, म्हणून या लेखात त्यांना विशेष स्थान आहे.

१९१४ च्या शरदात खडकीच्या २० व्या व २१ व्या कंपन्या फ्रान्समध्ये दाखल झाल्या. २८ ऑक्टोबर रोजी नव शापेल येथे शीख पलटणीसह त्यांनी केलेला हल्ला आणि त्यात झालेली अपरिमित हानी हा त्यांच्या इतिहासातील अभिमानाचा भाग आहे. त्यानंतर आलेल्या हिवाळ्याचा इतिहास इतका देदीप्यमान नाही. गुडघाभर थंड पाण्यात दिवसचे दिवस उभे राहून सैनिकांचे पाय सुजत, बधिर होत आणि सडत. या विकारावर औषध नव्हते. उपाय होता तो सवयीचा. दररोज बूट काढणे, पाय पुसून कोरडे करणे, तेल चोळणे, कोरडे मोजे घालणे. एवढी साधी गोष्ट खंदकात घडून येण्यासाठी ब्रिटिश सैन्याने अखेर एक निर्णय घेतला : ज्या तुकडीत असे पाय वाढतील त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला जाब विचारला जाईल. सैनिकाचे पाय हे त्याच्या वैयक्तिक स्वच्छतेचे नव्हे, तर अधिकाऱ्याच्या जबाबदारीचे क्षेत्र झाले. लष्करी आरोग्याच्या इतिहासात हे स्थित्यंतर एखाद्या लशीच्या शोधाइतके मोलाचे मानावे लागेल.

पोटाचा धडा याहून कठोर होता. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन असे होते. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या वळणावरील कूत या गावी वेढली गेली आणि १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, शरण गेली. या वेढ्यात एकाच तटबंदीत, एकाच सेनापतीच्या हाताखाली दोन निरनिराळे अपोषणजन्य रोग पसरले. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला. पुढे त्यांच्या वाट्याला जवाचे भरड पीठ आले तेव्हा तो हटू लागला. हिंदी सैनिक कोंड्यासहित पीठ खात असल्याने त्यांना बेरीबेरी झाला नाही. परंतु ताज्या भाज्या संपल्या होत्या आणि घोड्याचे मांस त्यांतील बहुतेकांनी धर्मभावनेने नाकारले होते, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या, पहाऱ्यावर उभे राहण्याची ताकद सरली. धर्मगुरूंची अनुमती मिळवून मांस खाण्यास सांगण्यात आले, तोपर्यंत फार उशीर झाला होता.

या प्रसंगावरून हिंदी सैनिकांच्या 'हट्टा'कडे बोट दाखविण्याची प्रथा तत्कालीन इंग्रजी लेखनात दिसते. ती अन्यायकारक आहे. माणूस काय खातो हे एका दिवसात बदलत नाही, ही गोष्ट शिधा ठरविणाऱ्यांना आधीच ठाऊक असावयास हवी होती. विशेष म्हणजे उपाय हिंदी स्वयंपाकघरातच होता. लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक यांनी १९१७ च्या सुमारास प्रयोगांती दाखवून दिले की, कोरड्या डाळीत स्कर्व्हीरोधक गुण जवळजवळ नसतो, मात्र अख्खे कडधान्य भिजवून त्याला मोड आणले की तो निर्माण होतो. त्यानंतर मेसोपोटेमियातील हिंदी फौजांसाठी मोड आलेल्या कडधान्यांच्या सूचना निघाल्या. ज्या मराठी शिपायांच्या घरी मटकीची उसळ नित्याची होती, त्यांच्या शिध्यात मात्र सोललेली डाळ दिली जात होती. प्रयोगशाळेने जे सिद्ध केले ते घरची बाई रोज रात्री फडक्यात बांधून ठेवीत होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर हाच धडा हिवतापाच्या संदर्भात पुन्हा गिरविला गेला. १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक माघारी पाठवावे लागत होते, असे जनरल स्लिम यांनी नमूद केले आहे. मेपाक्रिनची गोळी दररोज घेतली जाते की नाही याची त्यांनी अचानक तपासणी सुरू केली आणि ज्या पलटणींत ९५ टक्क्यांहून कमी सैनिकांच्या रक्तात औषध आढळले, त्यांच्या प्रमुखांना पदावरून दूर केले. असे तीन अधिकारी घालविल्यावर पुढे तशी गरज पडली नाही, असे त्यांचेच म्हणणे होते. फ्रान्समधील मोज्यांचे तत्त्व येथे गोळीला लागू झाले.

पानशेतची रात्र

स्वातंत्र्यानंतर या परंपरेचा वारसा भारतीय सैन्याकडे आला. १ मे १९४८ रोजी डॉ. बिधनचंद्र रॉय समितीच्या शिफारशीनुसार पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. लसीकरण, पाण्याचे निर्जंतुकीकरण, पायांची तपासणी, सकाळची कवायत व संध्याकाळचे खेळ या गोष्टी सैनिकाच्या दिनक्रमाचा अंगभूत भाग बनल्या. त्यांची उपयुक्तता शांततेच्या काळात कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पहाटे साडेपाचला मैदानावर धावणारी पलटण पाहून कोणाही पुणेकराला मुठेच्या पुराची आठवण येण्याचे कारण नव्हते.

पानशेत धरणाचे काम १९६२ मध्ये पूर्ण व्हावयाचे होते. पण १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडविण्याचे ठरले. विमोचकाचे आणि त्याच्या दरवाजांचे काम पुरे झालेले नव्हते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने जोर धरला, जलाशय झपाट्याने भरला आणि विमोचकाच्या वरील भरावाचा भाग बसू लागला. मातीच्या धरणाचा माथा खचून पाणी वरून वाहू लागले की भराव कापला जातो आणि धरण वाचविता येत नाही, हा स्थापत्याचा प्राथमिक नियम आहे. म्हणून उपाय एकच उरला होता : माथा जितका खाली बसेल तितका तो पोत्यांनी वर उचलीत राहणे. ११ जुलै रोजी लष्कराला पाचारण करण्यात आले ते या कामासाठी.

या कामाचे स्वरूप शरीराच्या दृष्टीने समजून घेणे आवश्यक आहे. भरलेले पोते पावसात भिजले की जड होते आणि हातातून निसटते. चिखलात प्रत्येक पाऊल रुतते, म्हणून तेवढ्याच अंतरासाठी दुप्पट श्रम पडतात. ओल्या कपड्यांतून वारा शरीराची ऊब काढून घेतो. काम चालू असेपर्यंत ते जाणवत नाही, थांबले की जाणवते. पहाटे दोन ते पाच हा काळ तर झोपेच्या दृष्टीने सर्वांत वाईट. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसून आले की, सलग २४ तास जागलेल्या माणसाच्या हालचालींतील अचूकता मद्याचा अंमल चढलेल्या माणसाइतकी, म्हणजे रक्तात सुमारे ०.१० टक्के मद्यार्क असल्याइतकी घसरते. पानशेतच्या माथ्यावर एका बाजूला भरत चाललेला जलाशय आणि दुसऱ्या बाजूला भरावाचा उतार होता. अशा जागी शेकडो माणसांनी रात्रभर रांगेने काम करणे हे पाळ्या, विश्रांती, गरम अन्न आणि एकमेकांवरील विश्वास यांच्या आधाराशिवाय अशक्य असते. यांपैकी एकही गोष्ट त्या रात्री धरणावर शोधून काढता आली नसती. ती आधीच शिकलेली असावी लागते.

धरण वाचले नाही. सकाळी ते फुटले. परंतु त्या रात्रीचे तास शहराच्या पदरात पडले. लोक जागे होते, उजेड होता, पाणी चढताना दिसत होते, उंच जागी धावता येत होते. पूर ओसरल्यावर शहरासमोर चिखल, मेलेली जनावरे, पडकी घरे आणि पिण्याच्या पाण्याचा अभाव उभा राहिला. कारण जो तलाव शहराला पाणी देत होता तोच रिता झाला होता. अशा वेळी जे सैनिक मदतीला उतरतात ते विषमज्वर व पटकीविरुद्ध आधीच टोचून घेतलेले असतात, पाणी शुद्ध केल्याशिवाय पीत नाहीत आणि उघड्यावर शौचास न बसता चर खणतात. मदत करणाऱ्यानेच आजारी पडून मदत घेणाऱ्यांच्या रांगेत बसू नये, हा या साऱ्याचा व्यवहारी हेतू असतो. छावणीच्या हद्दीत कोंडलेले आरोग्य चौसष्ट वर्षांपूर्वी पेठांत दंडेलीने शिरले होते; १९६१ मध्ये ते त्याच पेठांत फावडे आणि पोते घेऊन आले आणि दारे उघडी होती.

पुढे चौकशीचे प्रकरण लांबले. पहिल्या आयोगाचे अध्यक्ष न्या. बावडेकर यांनी काम चालू असतानाच आत्महत्या केली आणि न्या. नाईक यांनी ती चौकशी पूर्ण केली. दोष कोणाचा याविषयी पुष्कळ लिहिले गेले. धरणावर राबलेल्या जवानांच्या हातापायांची काय अवस्था झाली, याकडे मात्र शहराचे लक्ष गेले नाही. पराक्रमाच्या कथेत चिखल्यांना जागा नसते.

सुदुंबरे ते इर्शाळवाडी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली दगावली. लष्कराला तेथेही धावून जावे लागले. आणि पावसात कुजत चाललेली प्रेते उपसण्याचे काम जवानांना जे मानसिक ओझे देऊन गेले असेल त्याची कल्पनाच करता येते. सैन्याच्या वैद्यकीय वर्गवारीत श्रवण, अवयव, शारीरिक क्षमता व दृष्टी यांच्या आधी पहिले स्थान मानसिक स्थितीला आहे, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. मात्र ही वर्गवारी आजार ओळखण्यासाठी आहे. ढिगाऱ्यातून लहान मुलाचे प्रेत काढल्यानंतरच्या रात्री जवानाने काय करावे, याची सवय लावण्याची पद्धत पायमोज्यांइतकी पक्की झालेली नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची स्थापना झाली आणि त्याची पाचवी बटालियन पुण्याजवळ, तळेगाव दाभाडे परिसरातील सुदुंबरे येथे ठेवण्यात आली. हे दल काटेकोर अर्थाने लष्कर नव्हे. पाचव्या बटालियनचे मनुष्यबळ केंद्रीय राखीव पोलीस दलातून येते. पण शिस्त, पोशाख आणि दिनक्रम यांची घडण निमलष्करी आहे, आणि महाराष्ट्रातील बचावकार्याचा पहिला भार आता बव्हंशी याच जवानांवर पडतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. एस.टी.च्या चालकाला रोजच्या जागी गाव दिसले नाही, तेव्हा ही बातमी बाहेर कळली. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे आठवडाभर, बहुतांश काळ पावसात, सुदुंबऱ्याच्या जवानांनी चिखल उपसला. पहिल्या दिवशी जिवंत माणूस सापडण्याची आशा हात चालविते. पाचव्या दिवशी ती आशा उरत नाही, दुर्गंधी असते, आणि तरीही नातेवाईक कडेला उभे असतात. तेव्हा हातमोजे न काढणे, तोंडावरचा कपडा न सोडणे, जेवणापूर्वी साबणाने हात धुणे या क्षुल्लक गोष्टी जवानाला धनुर्वात आणि जंतुसंसर्गापासून वाचवितात.

सैनिकाच्या क्षमतेच्या चाचण्यांविषयी येथे एक शंका उपस्थित करता येते. सैन्याच्या नियत चाचणीत सामानासह पाच किलोमीटर धावणे, दोर चढणे, आडव्या दोरावरून सरकणे, नऊ फुटांचा चर ओलांडणे यांचा समावेश होतो. लढाईसाठी त्या उपयुक्त आहेत. पण बचावकार्याला लागणारा दम निराळा असतो. तेथे वेग कमी आणि कालावधी दीर्घ असतो. कंबर, मनगट आणि तळपाय यांवर भार येतो. आणि झोप तुटक मिळते. पंचवीस मिनिटांत पाच किलोमीटर धावणारा जवान सहाव्या रात्री किती सावध राहील, हे ती चाचणी सांगत नाही. जागरण सोसण्यासाठी तंबाखूची चिमूट किंवा चहावर चहा हा जवानाने स्वतः शोधलेला उपाय असतो. त्याला दोष देण्यापूर्वी पाळ्यांची आखणी करणाऱ्याला प्रश्न विचारला पाहिजे, कारण फ्रान्समधल्या मोज्यांचा न्याय झोपेलाही लागू पडतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. अंधारात, पावसात, निसरड्या पायवाटेने तास-दीड तास चढून गेल्याशिवाय बचावपथकाला ढिगाऱ्यापर्यंत पोहोचता येत नव्हते, आणि खोदाईची यंत्रे वर नेणे अशक्य होते. या चढणीवरच नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. वाडीतील एकाही माणसाला हात लावण्यापूर्वी बचाव करणाऱ्याचा जीव गेला. २७ मृतदेह मिळाल्यावर आणि ५७ जण बेपत्ता असताना चौथ्या दिवशी शोध थांबविण्यात आला. लष्कर आणि निमलष्करी दलांत वयोगटानुसार वैद्यकीय तपासणी आणि चाचण्यांची जी साखळी दीडशे वर्षांच्या मृत्यूंतून घडत गेली, ती संकटस्थळी धावणाऱ्या इतर सर्वांना, म्हणजे अग्निशामक, तलाठी, पोलीस पाटील आणि गावच्या गिर्यारोहक तरुणांना, मिळालेली नाही. डोंगर मात्र सर्वांना सारखाच चढावा लागतो.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग सोडला गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. लष्कराची तुकडी तेथे उतरली, होड्यांतून वृद्धांना आणि मुलांना बाहेर काढण्याचे काम झाले. आता या पाण्यात पटकीपेक्षा लेप्टोस्पायरोसिसची धास्ती अधिक असते; २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर हा आजार सर्वांना परिचित झाला. पुरात उतरणाऱ्याने बूट घालून उतरावे, पायाला चीर असल्यास पाण्यात जाऊ नये, वैद्यकाच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन घ्यावे, काम संपताच बूट काढून पाय स्वच्छ धुवावेत, कोरडे करावेत आणि कोरडे मोजे घालावेत, असे आज सांगितले जाते. या यादीतील गोळी नवी आहे. पायांविषयीची सूचना नव शापेलच्या खंदकातून परतलेल्या खडकीच्या सॅपरने अचूक ओळखली असती.